टँकरच्या पट्टीवर मास्टर महादेव

भीमाशंकरच्या केबल ऑफिसातली सिद्धेश्वर मंदिराची सीडी बरोबर पावणेचारला अडकली. अर्धा कळस पडद्यावर राहिला आणि उरलेला अर्धा हिरव्या चौकोनांत विरघळला.

एरवी कोणाच्या लक्षातही आलं नसतं. पण ते दुष्काळाचं वर्ष होतं, दोन हजार सोळा, महिना एप्रिल. मांजरा धरणाचा तळ उघडा पडला होता, लातूरचे नळ पाणी विसरल्यागत झाले होते, आणि कोणत्या प्रभागात टँकर किती वाजता येणार ते भीमाशंकरच्या शहर वाहिनीवर खालच्या पट्टीत सरकत असे. वर मंदिर, खाली टँकर. बायका पट्टी बघत भाजी निवडायच्या, म्हातारे पट्टी बघत डुलक्या काढायचे. इतके प्रेक्षक भीमाशंकरला बावीस वर्षांच्या धंद्यात मिळाले नव्हते.

भीमाशंकर त्या वेळी कुठल्यातरी खांबावर वायर जोडत होता. ऑफिसात होती त्याची बायको महादेवी. पट्टी टाइप करायचं काम तिचंच. तिनं नवऱ्याला फोन लावला.

"आवो, मंदिर अडकलंय. वर काय लावू?"

"काही बी लाव! पन पट्टी थांबवू नको. पट्टी थांबली की लोक दगडं मारतेत."

महादेवीनं टेबलावर पडलेली पहिली सीडी उचलली आणि लावली. ती लिंबाजी सोनकांबळ्यांची होती. कालच ते देऊन गेले होते, 'जुन्या कॅसेटवरनं नीट उतरली का तेवढं बघून ठेवा' म्हणून.

लिंबाजीरावांबद्दल इथं सांगितलं पाहिजे. १९८२ साली लातूर उस्मानाबादपासून निघून स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा नव्या कलेक्टर कचेरीत जे पहिले कारकून लागले त्यांतले ते एक. जिल्हा झाल्याच्या आनंदात गावात काय काय निघालं! नव्या कचेऱ्या निघाल्या, नवे पुढारी निघाले, आणि चार-पाच ऑर्केस्ट्रेही निघाले. आडत दुकानांतली, कॉलेजातली पोरं चमकीचे शर्ट घालून गाऊ लागली. लिंबाजीरावांनी हैदराबादहून पाट्याएवढा जड व्हिडिओ कॅमेरा आणला आणि दिसेल तो कार्यक्रम खांद्यावर कॅमेरा घेऊन टिपला. पुढं ऑर्केस्ट्रे बंद पडले, पोरांचे शेठ झाले, पण लिंबाजीरावांनी एकही कॅसेट टाकली नाही. फीत चिकटू नये म्हणून दर दिवाळीच्या सुट्टीत ते प्रत्येक कॅसेट एकदा पुढं आणि एकदा मागं फिरवत. शंभरावर कॅसेटी, तीस वर्षं. शेजारी हसत. घरचेही हसत. ते कॅसेट फिरवत राहिले.

तर महादेवीनं सीडी लावली, आणि मंदिराच्या जागी एक मंच आला. मागं कापडी फलक: 'जिल्हा वर्धापनदिन महोत्सव, १९८६'. निवेदक ओरडला, "अब आ रहे हैं, लातूर की बिजली, मास्टर महादेव!" आणि रुपेरी शर्ट, घंटेएवढी मोहरी असलेली पँट आणि खांद्यापर्यंत केस असा एक तरुण उडी मारून मंचावर आला, गुडघ्यांवर सात-आठ फूट घसरत गेला आणि माईक हवेत फेकून झेलत गाऊ लागला. गाण्याचे शब्द इंग्रजी आहेत असं इंग्रजी न येणाऱ्यांना वाटत होतं. इंग्रजी येणाऱ्यांना ते कानडी वाटत होते. पण आवाज! आवाज असा होता की भाजी निवडणारे हात थांबले.

"हे कोन हो?" प्रत्येक घरात एकच प्रश्न झाला. आणि दुसऱ्या कडव्याला, तरुणानं डावी भुवई उडवली तेव्हा, प्रत्येक घरात एकच उत्तर आलं.

"अगं बाई! हे तर आपले महादेवप्पा!"

महादेवप्पा म्हणजे आडत बाजारातले वजनदार व्यापारी. कपाळाला भस्माचे तीन पट्टे, अंगात पांढरीशुभ्र बंडी, आणि चेहरा असा की लहान पोरं खेळ थांबवून बाजूला होत. ते प्रभागाच्या पाणी समितीचे अध्यक्ष होते. 'दुष्काळात बँड नाही, लाऊडस्पीकर नाही, गाणं-बजावणं नाही' अशी विनंती त्यांनी प्रभागाला केली होती, आणि महादेवप्पांनी विनंती केली की ती लोक हुकूम म्हणून पाळत.

नेमकं त्याच वेळी, चार वाजता, महादेवप्पा गल्लीच्या तोंडाशी टँकरजवळ उभे होते. एका हातात नावांची वही, दुसऱ्यात शिट्टी. टँकरचा ड्रायव्हर नरसिंग पाइप धरून तयार होता. महादेवप्पांनी शिट्टी वाजवली. कोणी आलं नाही. त्यांनी पुन्हा वाजवली. रोज एका घागरीसाठी एकमेकींच्या झिंज्या धरणाऱ्या गल्लीत आज कुत्रंही फिरकलं नाही.

"काय झालं रे गावाला?" महादेवप्पा म्हणाले.

"काही तरी गानं लागलंय बगा," नरसिंग कान देत म्हणाला. "सगळ्या घरात एकच लागलंय. भारी गायलाय गडी."

महादेवप्पांनी कान दिला. मग त्यांचा चेहरा त्यांच्याच बंडीसारखा पांढरा पडला. चाळीस घरांच्या चाळीस खिडक्यांतून त्यांचा स्वतःचा, सव्विसाव्या वर्षीचा आवाज बाहेर येत होता.

"मालक, दोन मिनिटात आलोच," म्हणून नरसिंग पाइप टाकून जवळच्या ओट्यावर गेला आणि खिडकीतून आत बघायला लागला. थोड्या वेळानं त्यानं मागं वळून महादेवप्पांकडं बघितलं, पुन्हा खिडकीत बघितलं, पुन्हा मागं बघितलं आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

टँकर पुढच्या प्रभागात पाऊण तास उशिरा पोचला. पण तक्रार करायला तिथंही कोणी बाहेर आलं नव्हतं.

इकडं ऑफिसात फोन सुरू झाले. महादेवीला वाटलं, आता शिव्या. पहिला फोन एका आजीचा होता. "पोरी, ती पट्टी जरा वर घे. पाय दिसंनात त्याचे. नाचतोय कसा ते बगू दे." दुसऱ्यानं विचारलं, अजून किती गाणी आहेत. तिसरा खरोखर चिडला होता. त्याच्याकडं वीज गेली होती आणि गाणं पुन्हा लावा असं त्याचं म्हणणं होतं. तेवढ्यात भीमाशंकर घामाघूम होऊन पळत आला.

"काय लावलंस हे? महादेवप्पा येऊन राहिले इकडं! बाजारातून सरळ चालत! गाडी बी न घेता!"

"तुमीच म्हन्लाव, काही बी लाव."

"काही बी म्हंजे देवाधर्माचं काही बी!"

त्यानं घाईघाईनं सीडी बंद केली. पडद्यावर नुसती पट्टी राहिली. त्याबरोबर ऑफिसातले दोन्ही फोन एकदम वाजायला लागले. दारात महादेवप्पा उभे राहिले, आणि त्यांच्या मागोमाग, बातमी कानावर आल्यामुळं धापा टाकत आलेले लिंबाजीराव.

"भीमाशंकर," महादेवप्पा हळू आवाजात म्हणाले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "मी गावाला गानी बंद करा म्हन्लो. आन् तू मलाच गायला लावलास?"

"चुकलं मालक. सीडी माजी न्हवं, लिंबाजीरावांची."

महादेवप्पा वळले. "सोनकांबळे, तीस वर्षं हे ठिवलाव कशाला? माझी इज्जत काढायला?"

"इज्जत काढायला कशाला ठिवीन?" लिंबाजीराव शांतपणे म्हणाले. "तुमच्यासारखं गानारं त्या वर्षी कुनी न्हवतं. मी कॅमेऱ्यातून बघत होतो. माझा खांदा सुजला होता, पन कॅमेरा खाली ठिवला न्हाई."

तेवढ्यात महादेवीनं वाजणारा फोन उचलला; तिच्या फोनवर स्पीकर नेहमी चालूच असे. पलीकडून एका तरुण मुलीचा आवाज आला.

"ताई, मी सिंधु बोलतीया. नर्सिंगच्या कॉलेजातून. ते गानं बंद केलाव का? त्यात मागं ड्रम वाजवनारा हाय ना, कुरळ्या केसांचा, ते माझे वडील हायेत. चंद्रप्पा. भूकंपात गेले. मी दोन वर्षांची होते. आमच्याकडं त्यांचा एकच फोटो हाय, रेशन कार्डावरला. त्यात ते हसत न्हाईत. आज पैल्यांदा हसताना बगितलं. अजून एकदा लावाल का?"

महादेवप्पांनी पुढं होऊन फोन हातात घेतला.

"पोरी, मी महादेवप्पा. ते गानारं ध्यान मीच." ते पुढं म्हणाले, "तुझा बाप लई हसरा मानूस. उमरीच्या कार्यक्रमात त्याची काठी मोडली, तर गड्यानं हॉटेलातनं लाटणं आनून वाजवलं. मी गाताना ताल चुकायचो, तो सांभाळून घ्यायचा. लोकांला वाटायचं महादेवच भारी." त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले, आणि मग भीमाशंकरकडं बघून एकदम आपल्या रोजच्या आवाजात गरजले, "बगतोस काय? लाव की!"

लावलं. या वेळी पट्टी वरच्या बाजूला घेतली.

ते गाणं संपतंय न संपतंय तोच महादेवप्पांची बायको गुरम्मा रिक्षातून उतरली. ती नवऱ्याशी बोललीच नाही, सरळ लिंबाजीरावांकडं गेली. "आन्ना, अजून किती हायेत ह्यांच्या?"

"सहा कॅसेटी हायेत, वैनी."

"सगळ्या लावा. अठ्ठावीस वर्षं संसार केला, माझ्यापुढं आरती सोडून काही म्हन्ले न्हाईत हे." मग नवऱ्याकडं एक नजर टाकून म्हणाली, "आन् तो रुपेरी शर्ट कुठंय, ते घरी गेल्यावर बोलू."

शहर वाहिनीवरचा 'फिरून एकदा' हा कार्यक्रम असा सुरू झाला. रोज साडेचारला, टँकर येऊन गेल्यावर. ही वेळ महादेवप्पांनीच ठरवली आणि शिट्टी वाजवून पाळायला लावली. लिंबाजीराव रोज एक कॅसेट पांढऱ्या फडक्यात गुंडाळून आणत आणि पडद्यावर येऊन दोन मिनिटं सांगत: गाणारा कोण, वाजवणारा कोण, कार्यक्रम कुठं झाला, त्या दिवशी काय घडलं. शंभर कॅसेटींतल्या एकाचंही नाव त्यांना कागदात बघावं लागलं नाही. ज्यांच्यावर हसत गावानं तीस वर्षं काढली, त्यांना लोक आता रस्त्यात थांबवून पाया पडू लागले. अर्धापूरहून एकजण केळीच्या खोक्यात घालून आपल्या गावच्या ऑर्केस्ट्र्याच्या चार कॅसेटी घेऊन आला. पाऊस आला, धरण भरलं, टँकर बंद झाले. कार्यक्रम बंद झाला नाही.

कार्यक्रमाच्या वर्षपूर्तीला सगळ्यांनी महादेवप्पांना धरलं. ते नाही नाही म्हणत होते, पण सिंधु ड्रमच्या काठ्या घेऊन आली होती. वर्षभर ती गुपचूप शिकत होती. मग त्यांचा इलाज चालला नाही. बंद दाराच्या ऑफिसात, सत्तरी ओलांडलेल्या लिंबाजीरावांनी कॅमेरा खांद्यावर घेतला आणि महादेवप्पा गायले. गुडघ्यावर घसरले नाहीत, पण डावी भुवई उडवली. गुरम्मा भिंतीला टेकून ऐकत होती, आणि तिनं दोन्ही हात तोंडावर धरले होते.

गाणं संपल्यावर महादेवप्पा घाम पुसत म्हणाले, "सोनकांबळे, हे आत्ता दाखवायचं न्हाई हं. बाजारात तोंड दाखवायचंय मला. हे तीस वर्षांनी दाखवा."

"बरं," लिंबाजीराव म्हणाले. त्यांनी चष्मा लावला, नव्या सीडीच्या पाकिटावर महादेवप्पांचं नाव लिहिलं, सिंधुचं लिहिलं, खाली २०४७ असं साल घातलं आणि पेनाला टोपण लावत विचारलं, "सकाळी दाखवू का साडेचारलाच?"