पहिल्या गिअरमधला रविवार

ॲन्सेल्मचा पॉवर टिलर रविवारी सकाळी पहिल्याच झटक्याला सुरू झाला, आणि सगळी पंचाईत तिथूनच झाली. बंद पडलेल्या टिलरशी कसं वागायचं हे त्याला एव्हाना पाठ झालं होतं. चालू टिलरशी कसं वागायचं हे कुणी शिकवलंच नव्हतं.

टिलर जुना, वाडा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याकडून घेतलेला. "हा मी कुणाला देत नाय, पन तुमच्याकडं बघून देतो," असं म्हणत त्या माणसाने तो इतक्या घाईने टेम्पोत चढवला, की ॲन्सेल्मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण त्याच्या बायकोने, मर्लिनने, जेवढे पैसे काढून दिले होते तेवढ्यात नव्या टिलरचं चाकही आलं नसतं. दुरुस्तीतही हात आखडताच होता. पाण्याच्या जुन्या पंपाचा पट्टा टिलरला चढला, सायलेन्सरचं भोक तेलाच्या डब्याच्या पत्र्याने बुजलं आणि डिझेलच्या टाकीवर मर्लिनच्या लोणच्याच्या बरणीचं झाकण बसलं. लोणच्यावर तेव्हापासून बशी होती, आणि मर्लिन प्रत्येक जेवणाला ती बशी मुद्दाम आवाज करून उचलत असे.

हा सगळा खटाटोप मोठ्या भावासाठी, प्लासिडसाठी चालला होता. नंदाखाल गावातली ही केळीची वाडी दोघांच्या नावावर. प्लासिड विरारला फ्लॅटमध्ये राहायचा, आणि वाडी विकून मोकळं व्हावं असं त्याचं ठाम मत होतं. मजूर मिळत नाहीत, घरात कसणारं कुणी नाही, वर हरेश नावाचा एजंट बंगल्याच्या प्लॉटसाठी रोज फोन करतोय.

"मी कसतो ना," नोकरीतून नुकताच निवृत्त झालेला ॲन्सेल्म म्हणाला होता.

"कशाने? पेनाने?" प्लासिडने विचारलं होतं.

शेवटी ठरलं ते असं: रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाली की प्लासिड वाडीत येणार. टिलर त्याच्यासमोर चालला तर वाडी राहिली. नाही चालला तर ॲन्सेल्मने मुकाट्याने सही करायची. ठरलं खरं, पण वाडी गेली तर सकाळी उठून जायचं कुठे, हा त्याचा साधा प्रश्न होता.

तर टिलर सुरू झाला. प्लासिड यायला अवकाश होता, म्हणून एक फेरी मारून बघावी असं ठरवून ॲन्सेल्मने पहिला गिअर टाकला. टिलर गुरगुरत निघाला, केळीच्या दोन ओळींमधली माती भुसभुशीत होऊन मागे पडू लागली. ॲन्सेल्मचा ऊर भरून आला. घराजवळ परत आल्यावर त्याने गिअरचा दांडा ओढला. दांडा हलला नाही. त्याने क्लच दाबला. क्लच इतक्या सहज दाबला गेला की त्याचा टिलरशी काहीच संबंध उरला नसावा.

"मर्लिन! गिअर निघत नाय गं!"

"मग बंद करा!" मर्लिन मिस्सेला जायच्या साडीत ओट्यावर उभी होती.

"बंद केला आणि परत सुरू झाला नाय तर? काल बघितलंस ना?"

काल तिने बघितलं होतं. काल अख्ख्या आळीने पाळीपाळीने हँडल मारलं होतं आणि टिलरने एकदा शिंकूनसुद्धा दाखवलं नव्हतं.

"म्हणजे भाऊजी येईपर्यंत तुम्ही असेच चालत राहणार?"

"दुसरं काय करू? तू जा मिस्सेला. माझ्यासाठी पण मागणं माग."

"मी गेले तर तुम्हाला खायला कोण घालणार?" असं म्हणून मर्लिनने पदर खोचला. ती बाजूने चालत अंडापाव भरवत होती, हा टिलर धरून चालत खात होता. पहिल्या मिस्सेवरून परतणारी आळीतली कॅरल कुंपणाशी थांबून म्हणाली, "अंकल, आज तरी सुट्टी घ्यायची! काय हे, जेवायला पण फुरसत नाय?" ॲन्सेल्म नुसता हसला. हात वर करायची सोय नव्हती.

वाडी नांगरून झाली. मग उलट्या दिशेने झाली. तिसऱ्या वेळी माती रव्यासारखी झाली आणि केळीची मुळं उघडी पडायला लागली, तेव्हा त्याने टिलर शेजारच्या आशालताकाकूंच्या वाडीत वळवला.

"अगो बाय, स्वतःहून आलास!" काकूंना गहिवरून आलं. "शेवंतीचा वाफा मोकळाच आहे बघ. तो झाला की विहिरीमागं पण घाल. आणि तो वांग्यांचा..."

एवढ्यात प्लासिडचा मर्लिनला फोन आला. कुणाच्या तरी बाप्तिस्म्याच्या नाश्त्याला त्याला थांबवून घेतलं होतं. "प्लासिडदादा नाश्ता टाळेल असा एक दिवस दाखव," ॲन्सेल्म काकूंच्या वांग्यांतून ओरडला. त्याच्या पोटऱ्यांचे दगड झाले होते. मर्लिनने थोडा वेळ टिलर धरला. डिझेल संपत आलं तेव्हा ॲन्सेल्मने पळत पळत बरणीचं झाकण काढलं आणि कॅनमधलं निम्मं टाकीत, निम्मं स्वतःच्या पँटवर ओतलं.

टिलर पुन्हा आपल्या वाडीत शिरला आणि प्लासिड आला. क्रीम रंगाचा सूट, चकाकणारे बूट, हातात कागदांची पिशवी.

"चालतो?" त्याने अविश्वासाने विचारलं.

"सकाळपासून."

"एकदाही बंद पडला नाय?"

"एकदाही नाय." रविवारी खोटं बोलायचं नाही हा ॲन्सेल्मचा नियम होता, आणि तो त्याने पाळला.

"एक फेरी दाखवून मला गंडवतोस काय? दे इकडं." प्लासिडने पिशवी मर्लिनकडे दिली आणि हँडल धरलं. ॲन्सेल्म जागच्या जागी खाली बसला.

पहिली फेरी प्लासिडने परीक्षकाच्या थाटात मारली. दुसऱ्या फेरीला तो ओरडला, "थांबत कसा नाय हा?"

"दमच लागत नाय त्याला!" मर्लिनने उत्तर दिलं.

प्लासिडच्या पँटच्या खिशातला फोन वाजत राहिला, पण हात मोकळे कुठे होते? तिसऱ्या फेरीला त्याने कोट काढून केळीवर टाकला, एकेक बाही आळीपाळीने सोडवत. मग बूट गेले. मग त्याचं तोंड सुटलं. "ही ओळ तिरकी कुणी लावली? इकडं पप्पांचा अळू असायचा. बावखलाच्या कडेला अजून ओल आहे, इथं काय पण होईल!" त्या बावखलात, वाडीतल्या तळ्यात, दोघे भाऊ पोहायला शिकले होते. ॲन्सेल्म बघत राहिला. दादाला वाडीबद्दल बोलताना त्याने कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं, आणि त्याला आपल्याच फसवणुकीची लाज वाटली.

शेवटी डिझेल संपलं. टिलर खोकला आणि गप्प झाला. इतकी शांतता पसरली की काकूंच्या कोंबड्या ऐकू आल्या.

"डिझेल घाल. मार हँडल," प्लासिड म्हणाला.

ॲन्सेल्मने डिझेल घातलं, हँडल मारलं. काही नाही. पुन्हा मारलं. काही नाही.

"दादा, खरं सांगतो," तो धापा टाकत म्हणाला, "हा एकदा बंद पडला की सुरू होत नाय. गिअर अडकलेला, म्हणून मी चालत होतो. तुला फसवलं. आण ते कागद, सही करतो."

चिखलाने भरलेल्या पायांनी प्लासिड टिलरभोवती एक फेरी मारून आला. बरणीच्या झाकणावर त्याने बोट आपटून बघितलं. खिशातला फोन पुन्हा वाजला. या वेळी हात मोकळे होते.

"हां, हरेश, बोल. नाय, कागदांचं राहू दे आता. मला सांग, तुझ्या ओळखीत कुणी मेकॅनिक आहे का? टिलरचा. हो रे, आमचाच टिलर."