बावणे काका आणि डोंग्याचा प्लग

कुणावर काही लिहावं एवढा मी मोठा नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि मीही आजवर परीक्षेपलीकडे काही लिहिलेलं नाही. तेव्हा आधीच माफी मागतो. पण बावणे काकांबद्दल कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

बावणे काका माणसाचा चेहरा नंतर पाहतात, आधी त्याच्या गाडीचा स्पार्क प्लग पाहतात.

नागपूरला लागून असलेल्या वाडी भागात मी त्यांच्याकडे खोली बघायला गेलो, तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही, की गाव विचारलं नाही. बाबांची जुनी मोटारसायकल मी दारात लावली, तेवढ्यात काका पाना घेऊन बाहेर आले. "थांब गा. इंजिन थंडं होऊ दे." मग प्लग काढून उन्हात धरला आणि डॉक्टरने जीभ पाहावी तसा फिरवून फिरवून पाहिला. काळा होता.

"तुहा बाप गाडी लय धीमी चालवते का?"

मी चकितच झालो. बाबा आमच्या नरखेडकडच्या संत्र्याच्या बागेत, मागे क्रेट बांधून, पहिल्या-दुसऱ्या गिअरवरच गाडी हाकतात. "हो," मी म्हणालो. "पण तुम्हाला कसं कळलं?"

"प्लगचं तोंड पाह्य ना! प्लग खोटं बोलत नाही." आणि खोली मला मिळाली.

काका हिंगण्याच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. पण त्यांचा जीव अडकलेला होता तो मोटारसायकलच्या नव्हे, डोंग्याच्या प्लगमध्ये. म्हणजे बोटीच्या पेट्रोल इंजिनच्या, तेही जुन्या. नागपुरात! दुकानदार विचारायचा, "काका, कोणती गाडी?" काका सांगायचे, "डोंगा." दुकानदार हसायचा. "अहो, इथं समुद्र कुठं आहे?" त्यावर काकांचं उत्तर ठरलेलं: "समुद्र नाही, पण पाणी तर आहे ना गा?"

त्यांचं सगळं तत्त्वज्ञान प्लगमधूनच यायचं. प्लग गरम असतो किंवा थंडा असतो. गरम प्लग आपली उष्णता धरून ठेवतो आणि काजळी जाळून टाकतो. थंडा ती लवकर सोडून देतो. म्हणून धावणाऱ्या इंजिनला थंडा द्यायचा, धीम्या इंजिनला गरम. मी उत्तर द्यायला वेळ लावतो हे बघून ते काकूंना म्हणाले, "हे पोरगं धीमं आहे वं. याले गरम वाढत जा." तेव्हापासून माझ्या ताटात उकळता रस्सा येऊ लागला. काकू म्हणायच्या, "अवो, पोरगं आहे का इंजिन?"

हे डोंग्याचं वेड कुठून आलं ते मला काकूंनी सांगितलं. काकांचे थोरले भाऊ, दादा, गावी धरणाच्या पाण्यात मासेमारी करतात. दोघा भावांनी तरुणपणी एका लिलावातून बोटीचं जुनं इंजिन मिळून घेतलं होतं. प्लग काका बघायचे; एकदा त्यांना न विचारता दादांनी त्यात मोटारसायकलचा प्लग लावला. आटे बरोबर बसले, पण प्लगची मान लांब निघाली. ती आत जाऊन पिस्टनवर आदळली आणि इंजिन भर पाण्यात बंद पडलं. काका काठावर साऱ्या गावादेखत ओरडले, "दादा, तुले अक्कल आहे का?" थोरल्या भावाला! दादा एवढंच म्हणाले, "सुख्या, आता तू बी नको, अन् तुहा प्लग बी नको." तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

या वर्षी कानावर आलं, की दादांनी ते इंजिन पुन्हा दुरुस्त करून घेतलं. त्या दिवसापासून काका पेटलेच! मूळ नंबरचा प्लग आता बनत नाही. मग जुळणारा शोधायला मला गाडीवर मागे बसवून त्यांनी नागपूर पालथं घातलं. आटे तेच हवे, मान आखूडच हवी. शेवटी एक सापडला. प्लगच्या टोकाची फट पातळ पत्तीने मोजली, तो चिवड्याच्या डब्यात घातला आणि गावाकडच्या एसटीच्या कंडक्टरच्या हाती दिला.

उत्तर नाही. बरेच दिवस गेले आणि तोच डबा एसटीने परत आला. आत प्लग.

"पाहा," काकू हळूच म्हणाल्या, "तुमच्या दादानं वापस पाठवला."

काका खाली बसले. मग सवयीने त्यांनी प्लग उन्हात धरला, आणि एकदम उडी मारून उभे राहिले.

"लावला! अवं, दादानं लावला वं! काळा होऊन आला!"

प्लग तेलकट, काजळीने माखलेला होता. काका अंगणात नाचायचेच बाकी होते. पण फिरवून पाहता पाहता त्यांचा हात थांबला.

"काय झालं काका?"

"दादा फुल रेसचा माणूस होता गा. पाणी चिरत जाये. म्या त्याच हिशेबानं थंडा प्लग पाठवला." ते प्लगकडेच बघत राहिले. "आता तो धीमा चालवून राहिला. डोळ्याले कमी दिसत असन. म्हातारा झाला माहा दादा, अन् मले प्लगनं सांगितलं."

त्याच संध्याकाळी आम्ही एक पायरी गरम प्लग आणला. तोच डबा, तीच एसटी. मग काकांनी फोन हातातून सोडला नाही. आंघोळीला जाताना तो माझ्याकडे द्यायचे आणि दाराआडून ओरडायचे, "वाजला का गा?"

काल वाजला. काकांनी स्पीकर लावला. पलीकडे माणूस नव्हताच. नुसता आवाज होता, टक-टक-टक-टक, एकसारखा, कुठेही न अडखळणारा. काका डोळे मिटून ऐकत होते. काकू पोळपाट सोडून पिठाच्या हातांनी बाहेर आल्या.

"दादा?" काका म्हणाले.

इंजिन हळूहळू शांत झालं. कुणीतरी खाकरलं.

"सुख्या, डोंग्यात एक प्लग जादा पाह्यजे," पलीकडून जाडसर आवाज आला. "पाठवू नको. घेऊन ये."