होल्मराडेची शेवटची पाटी

शनिवारी सकाळी नऊ वाजता हिन्नर्क ओल्टमान्सची गवती रंगाची मोटार ब्राकवेडेच्या बाजारचौकात शिरली आणि कारंज्याभोवती गोल फिरू लागली.

एरवी होल्मराडेचा हिन्नर्क ब्राकवेडेत पाऊल टाकत नसे. पन्नास वर्षांपूर्वी सरकारने होल्मराडे जिल्हा मोडला आणि शेजारच्या ब्राकवेडेत ढकलला. कचेरी गेली, शिक्के गेले, गावांच्या पिवळ्या फलकांवरचं नावही गेलं. उरली ती हिन्नर्कच्या मोटारीची नंबराची पाटी, जिच्या सुरुवातीला जिल्ह्याची अक्षरं असत. नियमच असा होता, की मोटार रस्त्यावर आहे तोवर जुन्या जिल्ह्याची अक्षरं जिवंत. बाकीच्यांनी मोटारी बदलल्या. हिन्नर्कने फक्त सुटे भाग बदलले. आता अख्ख्या जगात तेवढीच एक पाटी होती, आणि तिचा रुबाब तो एखाद्या संस्थानिकासारखा मिरवत असे.

पण होल्मराडेतलं वाहन तपासणी केंद्रही यंदा बंद झालं. तपासणी चुकली तर मोटार बाद, मोटार बाद तर पाटी बाद. म्हणून नाइलाजाने त्याने ब्राकवेडेच्या केंद्रातली दहाची वेळ घेतली आणि होल्मराडेच्या शिस्तीप्रमाणे तासभर आधी पोचला. आता मोटार उभी करावी, तर पार्किंगचं नाणं ब्राकवेडेच्या तिजोरीत जाणार. जुनं इंजिन बंद करावं, तर पुन्हा चालू करायला धक्का मारणार ब्राकवेडेची माणसं. त्यापेक्षा फिरत राहिलेलं बरं, असं त्याने ठरवलं. शेजारी बायको गेशं मांडीवर केकचा डबा धरून बसली होती.

तिसऱ्या फेरीला होल्मराडेचा हार्म उबेन बटाट्यांचा ट्रॅक्टर घेऊन चौकात आला. हिन्नर्क चौकातल्या जिल्हा कचेरीला वेढा घालतोय असं समजून त्याचा ऊर भरून आला. तो मागे लागला. त्याच्यामागे होल्मराडेच्या बेकरीवाल्याची गाडी, मग नेमबाजी मंडळाची, मग आणखी कोणाकोणाची. भोंगे वाजू लागले. भोंगे वाजवत गाड्यांची रांग चालली म्हणजे लग्नच, असं समजून शतावरी विकणाऱ्या बायका हात हलवू लागल्या.

"कोणाचं लग्न आहे गं?" हिन्नर्कने विचारलं.

"आपलंच दिसतंय. तूही हात हलव."

शेवटी जिल्हाप्रमुख विल्बर्सबाई स्वतः कचेरीतून खाली आल्या. मोटार थांबेना, तेव्हा खिडकीला धरून बरोबरीने चालू लागल्या.

"ओल्टमान्स, तुमची मागणी तरी काय?"

"दहाची वेळ चुकायला नको."

"जुनी पाटी परत द्या!" मागून हार्म गरजला. त्याला सगळ्या भोंग्यांनी अनुमोदन दिलं.

निवडणूक तोंडावर होती. बाईंनी मागची रांग नजरेने मोजली.

"मान्य," त्या म्हणाल्या. "जुनी अक्षरं पुन्हा सुरू करायचा प्रस्ताव आजच वर पाठवते. हवी त्याला मिळतील."

हिन्नर्कचा चेहरा उतरला. "हवी त्याला?"

"कोणालाही. ब्राकवेडेच्या लोकांनासुद्धा. आता एकच जिल्हा ना आपला!"

एका शतावरीवालीने तिथल्या तिथे सांगून टाकलं, की आपल्या निळ्या गाडीला ती अक्षरं छान दिसतील.

होल्मराडेवाले विजयाच्या बियरसाठी पांगले. जाताना हार्मने हिन्नर्कच्या टपावर थाप मारली. "जिंकलास, गड्या!"

दहाचे टोल पडले. चौकाच्या कोपऱ्यावरच्या तपासणी केंद्राचं फाटक उघडून तपासनिसाने हात केला. हिन्नर्क त्याच्यासमोरून निघून गेला.

"अरे, फाटक मागे राहिलं," गेशं म्हणाली.

"निर्णय मागे घेत नाहीत तोवर थांबणार नाही."

गेशंने डबा उघडला आणि केकचा एक तुकडा त्याच्या तोंडात भरला.

हे लिहीपर्यंत, म्हणजे दुपारी बारा वाजता, मोटार फिरतेच आहे. मागे कोणी नाही. तपासनीस जेवायला गेला आहे. पेट्रोलचा काटा तळाला टेकला आहे, आणि चौकातला एकुलता एक पंप ब्राकवेडेचा आहे.