रिसालदारांच्या घोड्याचे पाय

एकनाथराव मुलगी बघायला आले आणि घोडा बघून गेले.

घोडा सिमेंटचा होता. अफझलगंजात कापडाचं दुकान चालवणाऱ्या लक्ष्मणरावांनी आपल्या वडिलांचा पुतळा घरासमोरच्या तालमीच्या अंगणात बसवला होता. घोड्यावर मिशाळ हिम्मतराव, कमरेला तलवार आणि खाली पाटी : ‘रिसालदार हिम्मतराव, रणांगणी धारातीर्थी पडले.’ पाहुण्यांना मुलीच्या आधी पुतळा दाखवायचा, ही लक्ष्मणरावांची रीत. घराण्याचं वजन आधीच कळलेलं बरं!

एकनाथरावांनी पाटी वाचली. मग वाकून घोड्याचे खूर पाहिले.

"चारही पाय जमिनीवर. म्हणजे तुमचे वडील खाटेवर गेले."

"काय म्हणता?"

"अहो, खूण असते ती. पुढचे दोन्ही पाय वर, तर स्वार लढाईत पडला. एक पाय वर, तर मागाहून जखमांनी गेला. चारही खाली, तर अंथरुणात. सिकंदराबादच्या छावणीत एका सुभेदारानं सांगितलंय मला. साऱ्या जगाचा कायदा आहे हा."

"कुठं लिहिलाय, काका?" घराच्या दारातून जयवंतानं विचारलं. मुलगी ती हीच.

"खोटी पाटी लावणाऱ्या घरात सोयरीक नाही," असं म्हणून एकनाथराव चहा न घेता निघाले. त्यांच्या पत्नी भामाबाईंनी जाता जाता चिवड्याकडे एकदा पाहिलं.

हा माणूस सरकारी कचेरीत हेडक्लार्क. उभ्या आयुष्यात टांग्याच्या घोड्यालाही हात लावला नसेल. पण कोणी काही कानात सांगितलं की ते ब्रह्मवाक्य, आणि त्यावर दुसऱ्याच्या पोरीचं नशीब तोलायचं! असल्या माणसांना कोणी जाब विचारत नाही, उलट पाट देऊन बसवतात.

त्यात ऑक्टोबर छप्पन. पहिल्या नोव्हेंबरला हैदराबाद राज्याचे तीन तुकडे व्हायचे होते. एकनाथरावांचं नाव औरंगाबादच्या यादीत लागलं होतं, म्हणजे त्यांचा मुलगा प्रतापही चालला. मूसीकाठच्या ग्रंथालयात प्रताप आणि जयवंता दोन वर्षं एकमेकांनी वाचून परत केलेली पुस्तकं नेमकी शोधून नेत होते. पहिल्या तारखेआधी सुपारी फुटली नाही, तर जयवंतासाठी नांदेडचा एक बिजवर तयारच होता.

म्हणून लक्ष्मणरावांनी एकनाथरावांना निरोप धाडला, "कारागिराची चूक आहे. आठ दिवसांत दुरुस्त करतो." आणि मूर्तिकार नरसिंहलूला बोलावलं.

"सेठ, कित्ते बार बोल्या," नरसिंहलू कपाळ चोळत म्हणाला, "सिमेंट का घोडा दो पाँव पे नै ठैरता. मुँ के बल गिरता!"

"मग एक उचल."

एक पाय कापून वर जोडला. एकनाथराव आले.

"एकच? म्हणजे जखमी."

"आधी जखमी झाले," लक्ष्मणराव म्हणाले, "मग पडले."

"मग घोड्यानं दुसरा पाय का उचलला नाही?"

"काका," जयवंता पुढे आली, "आमच्या देव्हाऱ्यातल्या खंडोबाच्या घोड्याचाही एक पाय वर आहे. खंडोबा काय जखमांनी गेला?"

"देवाला हा कायदा लागू नाही."

"आणि सिमेंटला आहे?"

"पोरीला वळण नाही," एकनाथराव म्हणाले आणि पुन्हा चहा न घेता गेले.

दुसराही पाय उचलला. पोटाखाली बांबू दिले. तिसऱ्या खेपेला एकनाथराव सहकुटुंब आले, प्रतापही आला. मान तिरकी करून त्यांनी पाहिलं आणि प्रथमच समाधानानं म्हणाले, "हां! आता शास्त्रात बसतं." शाबासकी म्हणून त्यांनी घोड्याच्या मानेवर थाप मारली.

बांबू कडाडले. रिसालदार घोड्यासकट कुस्तीच्या हौद्यातल्या लाल मातीत तोंडावर आपटले. निम्मी मिशी उडाली. तालमीतली पोरं लंगोटावर धावत आली. "कैसे लोगां जी तुमे!" त्यांचा वस्ताद ओरडला.

आवाज ऐकून सावित्रीबाई बाहेर आल्या. हिम्मतरावांच्या विधवा, वय पंच्याहत्तर. पुतळा बसल्यापासून त्या अंगणात पाऊल टाकत नसत.

"लक्षुमन्या, बास झालं! पाटीवर बापाला रणात मारून समाधान झालं नाही, आता घोड्याचे पाय कापतोस? अरे, तुझा बाप घोड्यावर बसला होता का कधी?"

"आई, आत चल..."

"नाही जात! नालबंद होता तो रिसाल्यातला. घोड्याचा पाय उचलायचा, मांडीवर घ्यायचा, नाल ठोकायचा. तीस वर्षं हेच केलं आणि हगवणीनं गेला. त्याच्या नालांवर तुझे रिसालदार मिरवले! लाज वाटली म्हणून तू त्याला तलवार दिलीस. त्याच्या हातोड्यानं तुला शिकवला, तो हातोडा कुठंय?"

एकनाथरावांच्या तोंडावर विजयाचं हसू पसरायला लागलं, एवढ्यात भामाबाई पुढे झाल्या.

"हिम्मत नालबंद? डाव्या हाताचं बोट नव्हतं ते?"

"घोड्यानं तोडलं होतं. तू कोण गं?"

"माझे बाबा त्याच पागेत घोड्यांना चंदी वाटायचे, आजी. तुमच्या हातची भाकरी खाल्लीय मी."

"तुझे वडील जमादार होते ना?" एकनाथरावांचा आवाज चिरकला.

"ते तुमच्या वडिलांनी पत्रिकेत छापलं. मला कोणी विचारलं होतं?" त्या सावित्रीबाईंकडे वळल्या. "आजी, पोरगी मला द्या. सुपारी आत्ताच फोडू, लग्न नोव्हेंबरच्या सव्वीस तारखेला. चालेल?"

"पोराला विचार की."

"चालेल," प्रताप इतक्या घाईनं म्हणाला, की वस्तादही हसला.

बायका सुपारी आणायला आत गेल्या. पडलेल्या घोड्याजवळ दोघे व्याही उरले. लक्ष्मणराव खालच्या आवाजात म्हणाले, "पत्रिकेत आजोबांचा हुद्दा..."

"नुसतं नाव छापू," एकनाथराव तितक्याच हळू म्हणाले. "दोन्हीकडे."

"नालबंद छापायचं," दारातून जयवंता म्हणाली. "दुसरीकडे चंदीवाले. आणि मजकूर छापखान्यात मी घेऊन जाणार आहे."