कंप मोजणारे वैरागडेकाका

वैरागडेकाका कोणाच्याही घरी गेले की आधी फ्रिजची विचारपूस करतात. खिशातून लाकडी मुठीचा पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, काढायचा, त्याचं टोक फ्रिजच्या अंगाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. चहा घेणार का असं कोणी विचारलं, तर त्याला हातानंच गप्प करायचं. मग निकाल लागतो, "थरथर जास्त हाय. पायाखाली रबर टाका." आमच्याकडे ते पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या बायकोच्या आईंना वाटलं, कंपनीनंच माणूस पाठवला. त्यांनी मिक्सरही आणून पुढ्यात ठेवला.

काका परप्रांतातल्या आमच्या या गावच्या पोलाद प्लांटमधून निवृत्त झाले. मोठमोठ्या मोटारींच्या बेअरिंगला पेचकस लावून ऐकायचं आणि कोणती बिघडणार ते आधीच सांगायचं, हे त्यांचं काम. पुढे यंत्रं आली, स्क्रीनवर रेघा दिसू लागल्या, तरी साहेब लोक शेवटी "वैरागडे, तुमचा कान काय म्हणतो?" असंच विचारायचे म्हणे. हे काका स्वतःच सांगतात, तेव्हा खरं मानायला हरकत नाही.

आमच्या हुडको कॉलनीत राहायला आल्यावर त्यांनी कान रिकामा ठेवला नाही. बागेत पोरं झोक्यावर बसली की हे घड्याळ धरून उभे. "झोका थोडा मोठा घ्या का लहान, एका फेरीले टाईम तेवढाच लागते," हे ते भाजीवाल्यापासून आमच्या बँकेच्या मॅनेजरपर्यंत सगळ्यांना पटवतात. नाही पटलं तर दोरीला कुलूप बांधून दाखवतात. आमच्या फाटकाचं कुलूप त्यापायी तीन दिवस त्यांच्याकडे होतं.

एका कंपानं मात्र काकांना जेरीस आणलं. मंदाकाकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, उजवा हात थरथरू लागला. डॉक्टर म्हणाले, गोळीनं थोडा कमी होईल, जाणार नाही. काकूंना त्रास हाताचा कमी आणि लाजेचा जास्त. आमच्या ओळीतल्या मराठी बायकांचं संक्रांतीचं हळदीकुंकू दरवर्षी त्यांच्याकडे व्हायचं. एकदा एकीचं कुंकू कपाळाऐवजी भुवईवर गेलं आणि कोणीतरी फिसकन हसलं. झालं. दोन वर्षं काकूंनी हळदीकुंकू केलं नाही, की दुसऱ्याकडे पाऊल टाकलं नाही.

यंदा दिवाळी सरली आणि काकांनी कंबर कसली. "वजन वाढवलं का दोलन मंदावते भाऊ, सिधी गोष्ट हाय," असं म्हणून त्यांनी जुन्या बेअरिंगची रिंग कापडी पट्टीत स्वतः शिवली आणि काकूंच्या मनगटाला बांधली. रोज सकाळी आंघोळ झाली की कुंकू लावायचा सराव. कपाळ कोणाचं? घरात दुसरं होतंच कुठं, मुलगा तर पुण्यात.

तेव्हापासून काका लालभडक कपाळानं गावभर फिरू लागले. कधी टिळा कानाकडे झुकलेला, कधी नाकावर ओघळलेला. सिव्हिक सेंटरच्या बाजारपेठेत आमच्या बँकेत आले तर मॅनेजर खुर्चीतून उठून हात जोडून उभे. भाजीवालीनं इथल्या बोलीत, कोणत्या देवळातून येताय असं विचारलं, "कोन मंदिर ले आवत हव, कका?" काका म्हणाले, "घर के."

शेवटी मीच म्हटलं, "काका, घरून निघताना पुसून तर घेत जा."

"कावून पुसू? संध्याकाळी ती पाह्यते ना. पुसलं तर तिले वाटीन, चुकलंच होतं."



संक्रांत झाली आणि काकूंनी बायकांना बोलावलं. बायका आत, मी आणि काका बाहेर ओट्यावर. एरवी मिनिटभर गप्प न बसणारा माणूस चपलेशी चाळा करत बसला होता. पाय सारखा हलत होता, आणि तो किती वेळा हलतो हे मोजायचंही त्यांना सुचत नव्हतं.

तासाभरानं माझी बायको रेखा बाहेर आली. कपाळावर कुंकू होतं, अंमळ डावीकडे.

"रिंग टिकली का वं?" काकांनी विचारलं.

"रिंग तर त्यांनी सुरुवातीलेच काढून ठेवली. म्हणे, हिच्यानं हात भरून येते."

"मंग? थरथर?"

"होती ना. आम्ही थांबलो. बोट टेकेपर्यंत कोणी हाललंच नाही. त्याच हसून राहिल्या होत्या, म्हणे, दोन महिने तुमच्या काकाचं नाक रंगवलं, आता मले कोणाचं भेव नाही."

विज्ञान हरलं म्हणून काका खट्टू होतील असं मला वाटलं होतं. पण तेवढ्यात आतून काकूंनी हाक मारली आणि ते चपला न घालताच धावले.

परत आले ते कपाळ लाल करून. मला सवयीनं थट्टा सुचली, "काय काका, आजपण सराव?"

"नाई भाऊ," काका म्हणाले, "सराव संपला. आज तिनं बोलावून लावलं."