बिनानावाच्या बाटल्या

आथॉल ट्रेगेन्झाच्या बिअरने बुधवारी मनासारखा गॅस धरला आणि त्याच दुपारी शेडमधल्या फ्रिजने मान टाकली. बाहेर त्रेचाळीस डिग्री. गॅस धरलेली बाटली थंडीत ठेवली की शहाण्यासारखी गप्प उभी राहते. उकाड्यात ठेवली की आतला गॅस वाढत जातो आणि ती फुटते. चार वर्षांपूर्वी एक फुटली होती, तेव्हापासून त्याचं कुत्रं शेडकडे फिरकत नव्हतं.

शनिवारी गावची जत्रा होती. तिथल्या घरगुती बिअरच्या स्पर्धेत गेली नऊ वर्षं पहिला नंबर आथॉलच्या मेहुण्याचा, लिंडसेचा, आणि दुसरा आथॉलचा. लिंडसेने नऊ निळ्या फिती जेवणाच्या खोलीत ओळीने टांगल्या होत्या आणि नाताळच्या जेवणाला तो आथॉलला बरोबर त्यांच्यासमोर बसवायचा.

“त्याची बिअर म्हणजे भांडी विसळलेलं पाणी! डोळे बांधून द्या, एका घोटात ओळखेन,” आथॉल म्हणायचा. लिंडसे आथॉलच्या बिअरबद्दल अगदी हेच म्हणायचा.

यंदा काही झालं तरी फीत आणायची होती. आथॉलने स्वयंपाकघरातल्या फ्रिजमधून एक मोठं भांडं काढून ओट्यावर ठेवलं आणि सोनेरी बुचांच्या सहा बाटल्या आत उभ्या केल्या. भांड्यात सासूबाईंच्या ऐंशीव्या वाढदिवसाचा क्रीमचा केक होता हे त्याला संध्याकाळी कळलं. तोवर केकचं सूप झालं होतं.

“बाटल्या घराबाहेर,” त्याची बायको रोमा म्हणाली.

“अगं, बाहेर फुटतील त्या!”

“घरात ठेवल्यास तरी फुटतील. मी फोडीन.”

तिचा आवाज शांत होता, म्हणून आथॉल घाबरला. त्याने बाटल्या बाथटबमध्ये थंड पाण्यात लपवल्या, तर सकाळी सासूबाई टॉवेल घेऊन दाराशी हजर. तेव्हा त्याला बायकांच्या मंडळाचा हॉल आठवला. तिथे कपाटाएवढा फ्रिज आहे आणि त्याचा नियम एकच: ज्या वस्तूवर नाव नाही, ती मंडळाला दान. पण नाव लिहावं तर लिंडसेला पत्ता लागणार, आणि तो बाटल्या गदागदा हलवून ठेवणार याची आथॉलला खात्री होती. त्याच्या जागी आथॉलने तेच केलं असतं. त्याने बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या, खालच्या कप्प्यात कोबीमागे दडवल्या आणि शीळ घालत घरी आला.

शनिवारी साडेआठला तो हॉलवर पोचला. स्पर्धेची नोंदणी नऊला बंद होणार होती. आत अग्निशामक दलाच्या मदतीसाठी मासे तळणं जोरात चाललं होतं. रोमा बाह्या सारून बादलीएवढ्या पातेल्यात पीठ ढवळत होती. मोरीजवळ तपकिरी बाटल्या ओळीने उभ्या होत्या. रिकाम्या.

“ह्या... ह्या कुठल्या?”

“फ्रिजमधल्या. नाव नव्हतं, म्हणजे दानच की. बिअर घातली की पीठ कसं हलकं होतं बघ.”

आथॉल मटकन खुर्चीवर बसला. वर्षभराची मेहनत माशांच्या अंगावर गेली होती. थोड्या वेळाने त्याने बाटल्या मोजल्या. अकरा! त्याने तर सहाच ठेवल्या होत्या.

तेवढ्यात लिंडसे घाईघाईने आत आला. कुणाकडे न बघता त्याने फ्रिज उघडला, मधल्या कप्प्यातली कोबी बाजूला केली आणि तसाच वाकून राहिला.

“काय शोधतोस रे?” रोमाने विचारलं.

“काही नाही. कोबी.”

“तुझाही फ्रिज गेला?” आथॉलने हळूच विचारलं.

लिंडसेने मोरीकडे पाहिलं आणि तोही खुर्चीवर बसला.

निळी फीत गावच्या नर्सबाईंना मिळाली, तीही पहिल्याच वर्षी. दुपारी परीक्षक मासे खायला आले आणि तिसरी प्लेट मागताना म्हणाले, “बाई, पिठात बिअर कुणाची आहे हो? ही स्पर्धेत का नाही आली?”

“माझी!” दोघे एकदम ओरडले.

“सगळी एकाच पातेल्यात ओतली मी,” रोमा म्हणाली.

मग तासभर दोघे एकाच प्लेटमधले मासे खात चव कुणाची यावर भांडत बसले. शेवटी रोमा आतून फेसाळलेले दोन ग्लास घेऊन आली. “एक बाटली उरली होती. निम्मी निम्मी घ्या. एका घोटात ओळखता ना? ओळखा.”

दोघांनी एक घोट घेतला. मग आणखी एक. बिअर खरोखर उत्तम होती आणि तेच अवघड होतं. छान म्हणावं तर ती दुसऱ्याची निघायची, भांडी विसळलेलं पाणी म्हणावं तर आपली.

“कशी आहे?”

“ठीक आहे,” आथॉल म्हणाला.

“ठीक आहे,” लिंडसे म्हणाला.

दोघांनी ग्लास तळापर्यंत रिकामे केले. मग आथॉलला राहवेना. “रोमा, कुणाची गं होती?”

आथॉल सोनेरी बुचं लावतो आणि तिचा भाऊ लाल, हे रोमाला नऊ वर्षं ठाऊक होतं. शेवटच्या बाटलीचं बूच तिच्या एप्रनच्या खिशात होतं. ते तिने बोटांनी एकदा चाचपलं.

“मला काय माहीत?” ती म्हणाली. “नाव कुठे लिहिलं होतं?”