सेन्सरसाबाने कापलेलं लग्न

भालकीच्या तंबूत सिनेमा सुरू झाला की पडद्यावर आधी सरकारी सर्टिफिकेट यायचं. ते आलं की आमचा मल्ल्या उठून उभा राहायचा आणि त्याला शिव्या द्यायचा. मागून लोक ओरडायचे, पण सर्टिफिकेट पडद्यावरून जाईपर्यंत हा खाली बसायचा नाही.

पोलीस अ‍ॅक्शन होऊन तीन-चार वर्षं झाली होती. निजाम गेला, नवं सरकार आलं, तरी आमच्या बोलण्यातला 'साब' काही गेला नव्हता. तहसीलदारसाब, दरोगासाब, तसा मल्ल्याच्या डोक्यात एक सेन्सरसाब होता. हा साब हैदराबादेत शिंप्यासारखी कात्री घेऊन बसतो, चांगला भाग कापतो आणि घरी नेऊन बायकापोरांना दाखवतो, अशी त्याची पक्की खात्री. सेन्सॉर म्हणजे एक माणूस नव्हे, मंडळ असतं, हे मी त्याला समजावून पाहिलं. "मंडळ हाय म्हनल्यावर चोर लई हायत म्हन की," तो म्हणाला.

मल्ल्या म्हणजे आमच्या शेजारचे गुळाचे व्यापारी शिवप्पा, त्यांचा धाकटा मुलगा मल्लिकार्जुन. वय सोळा, माझ्याच वर्गात. मिसरूड नुकतं फुटलेलं, त्यामुळे गावाने त्याच्या संतापाचा सरळ अर्थ लावला. पोरगं वयात आलंय, आणि कापलेल्या भागात काय असतं ते काय कुणाला सांगायला हवं? हेडमास्तरांनी छड्या दिल्या. शिवप्पांनी महिनाभर त्याचं तंबूत जाणं बंद केलं, तर हा बाहेर बसून नुसतं ऐकून यायचा.

खरं कारण त्यांच्या अंगणात होतं. मल्ल्याची थोरली बहीण नीलक्का. लग्नानंतर वर्षभरात नवरा गेला आणि ती माहेरी आली. तंबूत बायकांसाठी कनातीपलीकडे जागा असायची, पण विधवा मुलीने सिनेमाला जाणं शिवप्पांच्या घरात बसणारं नव्हतं. म्हणून मल्ल्या सिनेमा पाहून आला की दुसऱ्या दिवशी सकाळी तिला सगळी गोष्ट सांगायचा. नीलक्का तूर निवडत बसायची, आळीतल्या बायकाही आपापली सुपं घेऊन यायच्या. मल्ल्या नायक व्हायचा, नायिका व्हायचा, गरज पडली तर आगगाडीही व्हायचा. पण कापलेल्या जागी त्याची गाडी अडायची. नीलक्का नेमकी तिथंच विचारायची, "मधी काय झालं रं?" याला सांगता यायचं नाही आणि तळपायाची आग मस्तकाला जायची.

त्या वर्षी औरादचा एक कापडवाला नीलक्काला मागणी घालून गेला. बायको वारलेली, माणूस सज्जन. आमच्याकडे लिंगायतांत विधवेचं लग्न होतं, त्याला उडकी म्हणतात. पण ती रात्री, चार माणसांत, दिवा बारीक करून. शिवप्पा तेवढ्याला तयार होते. नीलक्का तयार नव्हती.

"चोरी केल्यावानी रातच्याला बसनार न्हाई," ती म्हणाली. "दिवसा करा, न्हाईतर राहू द्या."

शिवप्पांचं एकच, लोक काय म्हणतील. बापलेकीचं बोलणं थांबलं. कापडवाल्याने दिवाळीपर्यंत वाट बघतो म्हणून निरोप पाठवला.

अशात तंबूत एक सिनेमा लागला. नायिका विधवा, आणि तिच्यावर जीव असलेला एक भला मास्तर. मास्तर तिच्याजवळ येतो, काही बोलायला तोंड उघडतो, आणि टक्! पुढच्याच क्षणी तिच्या कपाळावर कुंकू आणि मांडीवर मूल. तंबूत शिट्ट्यांचा पाऊस पडला. मल्ल्या मात्र गप्प. शिवी नाही, काही नाही. मला वाटलं, याला ताप आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात गर्दी होती. शिवप्पा ओसरीवर सुपारी कातरत बसले होते, ऐकत नसल्यासारखे. गोष्ट त्या जागी आली आणि नीलक्काने हळूच विचारलं, मधे काय झालं.

"मधी लगीन झालं," मल्ल्या म्हणाला, आणि जो सुटला तो सुटलाच. भर दुपारचा मांडव. वेशीपासून बँड. लग्न लावायला जंगमस्वामी स्वतः आलेले. नवरीचा बाप जरीचा फेटा बांधून दारात उभा आणि येईल त्याला हाताला धरून पंगतीत बसवतोय. असं पडद्यावर काही नव्हतं हे मला ठाऊक होतं, आणि तंबूत जाऊन आलेल्या निम्म्या बायकांनाही. पण एकीनेही ब्र काढला नाही. मला त्या सगळ्यांचा फार अभिमान वाटला.

शिवप्पांचा अडकित्ता थांबला होता.

"दिवसा झालं म्हनतूस," ते ओसरीवरून म्हणाले. "मंग लोकं काय म्हनले?"

"लोकं जेवून गेले, अप्पा."

शिवप्पांनी अडकित्ता खाली ठेवला. मग त्यांनी विचारलं, "बुंदी पुरली का सगळ्यांला?"

"उरली," मल्ल्या म्हणाला.

दिवाळीच्या आधीच लग्न झालं, उन्हात, उदगीरचा बँड लावून. शिवप्पा फेटा बांधून दारात उभे होते. नाकं मुरडणारे दोघे-तिघे होते, पण तेही दुसऱ्यांदा बुंदी मागून घेत होते. मल्ल्या वाढायला होता, आणि लढाई जिंकून आलेल्या सरदाराचा थाट काय असेल तो त्याचा होता. मी म्हटलं, सेन्सरसाबाने जागा मोकळी ठेवली म्हणून तू रचलेलं लग्न तिथं बसलं, त्याचे आभार तरी मान. त्याला जेवायला बोलावणार नाही, एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी नीलक्काची बस औरादला गेली. तंबूत त्या दिवशी नवा सिनेमा होता, म्हणून मी मल्ल्याला शोधायला गेलो. तो मागच्या खोलीत गुळाच्या ढेपांवर बसला होता. मी चल म्हटलं, तर हलेना.

"बघून करू काय?" तो म्हणाला. "सांगू कुनाला?"

मला सांग, मी म्हटलं.

"तू तर माझ्याजवळच बसलेला असतूस की," असं म्हणून मल्ल्या रडायला लागला.